तंबोऱ्याची जवारी

गाणें शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरीं एका कोपऱ्यांत गवसणी घातलेला तंबोरा भिंतीला टेकून उभा असे. आतां पुष्कळ घरांतून तो कोपरा रिकामा झाला आहे, आणि त्याचें काम विजेवर चालणारी एखादी लहानशी पेटी किंवा हातांतला फोन करूं लागला आहे. सोय झाली यांत शंका नाहीं. खुंट्या पिळावयास नकोत, तार तुटण्याची भीति नको, प्रवासांत भोपळा फुटेल ही धास्ती नको. परंतु तंबोरा केवळ गायकाला षड्ज दाखविण्यासाठींच असतो काय? तसें असतें तर हार्मोनियमचा एक सूर दाबून धरला तरी भागलें असतें. तसें भागत नाहीं, हें ज्यांना गाण्याचा थोडाफार कान आहे त्यांना ठाऊक आहे. कां भागत नाहीं, हें मात्र थोड्यांनाच सांगतां येईल. त्याचें उत्तर पदार्थविज्ञानाच्या एका अगदीं मूलभूत प्रकरणांत, म्हणजे आंदोलनें व तरंग यांच्या शास्त्रांत आहे; आणि तें उत्तर शोधण्याच्या कामीं चंद्रशेखर व्यंकट रामन् यांचा वांटा मोठा आहे.

आंदोलन म्हणजे काय हें समजून घेण्यास झोपाळ्यासारखें दुसरें साधन नाहीं. झोपाळा स्वस्थ असतां जेथें असतो ती त्याची विश्रांतीची जागा. त्याला बाजूला ओढून सोडलें कीं गुरुत्वाकर्षण त्याला त्या जागेकडे खेचतें. तो तेथें पोंचतो. पण पोंचतो तो भरधांव वेगानें, आणि वेगांत असलेली वस्तु एकाएकीं थांबत नाहीं. म्हणून तो पलीकडे जातो, तेथून पुन्हा मागें खेचला जातो, आणि पुन्हा विश्रांतीची जागा ओलांडून जातो. मूळ जागीं परत आणूं पाहणारें बळ एकीकडे आणि त्या जागीं थांबूं न देणारें जडत्व दुसरीकडे, अशा या ओढाताणींतून आंदोलन जन्मास येतें. जेथें जेथें ही जोडी असते तेथें तेथें आंदोलन असतें. मग तो झोपाळा असो, घड्याळाचा लंबक असो, कीं ताणलेली तार असो. तारेच्या बाबतींत गुरुत्वाकर्षणाचें काम तारेचा ताण करतो, इतकाच फरक.

झोपाळ्याच्या एका येरझारेस लागणारा काळ झोका लहान आहे कीं मोठा यावर फारसा अवलंबून नसतो; तो कड्यांच्या लांबीवर अवलंबून असतो. सव्वादोन मीटर लांबीच्या कड्यांवर टांगलेला झोपाळा सुमारें ३ सेकंदांत एक येरझार पुरी करतो; एक मीटर लांबीचा लंबक सुमारें २ सेकंदांत. लांबी चौपट केली तर काळ दुप्पट होतो, चौपट होत नाहीं. झोपाळ्यावर एक माणूस बसो कीं तीन, त्यानेंहि विशेष फरक पडत नाहीं. पिसा शहराच्या प्रार्थनामंदिरांत हेलकावे खाणारा दिवा पाहून गॅलिलिओला हें सुचलें अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, लंबकाचा हा गुण त्यानें ओळखला होता, आणि त्याच गुणाचा आधार घेऊन हॉलंडच्या हायगेन्सनें १६५६ सालीं लंबकाचें घड्याळ सिद्ध केलें. झोका फारच मोठा असला तर त्याला किंचित् अधिक काळ लागतो, ही बारीक गोष्टहि हायगेन्सच्या नजरेंतून सुटली नाहीं.

झोपाळ्यापासून मिळणारा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. पांच वर्षांचें मूल थोरल्या माणसाला चांगला उंच झोका देऊं शकतें. त्याच्या अंगांत बळ असतें म्हणून नव्हे, तर झोपाळा परतून पुढें निघण्याच्या नेमक्या क्षणीं तें हलकासा धक्का देतें म्हणून. धक्का लहान, पण दर येरझारेस एक आणि तोहि वेळेवर. त्यामुळें प्रत्येक धक्क्याची शक्ति आधींच्या शक्तींत मिळत जाते. अवेळीं दिलेला मोठा धक्काहि झोका वाढविण्याऐवजीं मोडतो. वस्तूच्या अंगच्या आंदोलनकाळाशीं बाहेरच्या धक्क्यांचा काळ जुळला कीं आंदोलन वाढत जातें, या गोष्टीला अनुनाद असें नांव आहे. १८३१ सालीं इंग्लंडांत ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी पावलाला पाऊल मिळवून चालली असतां तो पूल कोसळला, आणि तेव्हांपासून पुलावरून जातांना सैनिकांनीं पावलांची लय मोडून चालावें असा दंडक पडला. हीच गोष्ट तंबोऱ्याच्या बाबतींत विध्वंसक न होतां सुखद कशी होते, तें पुढें येईलच.

आंदोलन एका जागीं होतें. तरंग पुढें जातो. पण पुढें जातें तें काय? धुणें वाळत घालण्याच्या दोरीला एका टोंकाशीं हातानें झटका दिला म्हणजे एक उंचवटा दोरीवरून पलीकडच्या खिळ्यापर्यंत धांवत जातो आणि तेथें आपटून परत येतो. दोरीचा कोणताहि भाग जागा सोडून खिळ्याकडे गेलेला नसतो. प्रत्येक भाग वर उचलला जातो, शेजारच्या भागाला ओढतो आणि खालीं येऊन स्वस्थ होतो. पुढें गेला तो आकार, आणि त्या आकाराबरोबर हातानें दिलेली शक्ति. नीट पाहणाऱ्याला असेंहि दिसेल कीं, उंचवटा होऊन गेलेला तरंग खिळ्यावरून परततांना खळगा होऊन परततो. कारण खिळा हलत नाहीं, आणि दोरीनें दिलेल्या ओढीला तो तितक्याच उलट ओढीनें उत्तर देतो.

हवेंतून येणारा ध्वनि हाहि तरंगच. परंतु त्याची तऱ्हा निराळी. स्टेशनांत मालगाडीला इंजिन येऊन भिडतें तेव्हां पहिल्या डब्याला बसलेला धक्का डब्यामागून डबा असा शेवटच्या डब्यापर्यंत खडखडत जातो. तेथें डबे वरखालीं होत नाहींत, मागेंपुढें होतात. हवेचे कणहि असेच मागेंपुढें होऊन एकमेकांना ढकलतात, आणि दाट हवा व विरळ हवा यांची रांग बाहेर पसरत जाते. उन्हाळा नसलेल्या साधारण दिवशीं तिचा वेग सेकंदाला सुमारें ३४३ मीटर असतो. एका सेकंदांत किती आंदोलनें झालीं तो आंकडा म्हणजे कंपनसंख्या. कानाला जो सूर उंच किंवा खालचा वाटतो तो या आंकड्यावरून. पुरुष गवयाचा षड्ज हार्मोनियमच्या काळी एकच्या आसपास असला तर त्याची कंपनसंख्या सुमारें १३९ होते. अशा स्वराचा एक तरंग हवेंत जवळजवळ अडीच मीटर लांबीचा असतो, म्हणजे बोलण्याच्या अंतरावर बसलेल्या गायकाच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्यें एखादाच तरंग मावतो.

आतां तंबोऱ्याची तार. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तिची लांबी एक मीटर धरली आणि ती १३९ च्या षड्जांत लावलेली असली, तर छेडल्याबरोबर तिच्यांत उठलेला तरंग एका सेकंदांत २७८ मीटर धांवतो. एक मीटर वर, एक मीटर खालीं, अशा त्याच्या १३९ येरझारा सेकंदांत होतात, आणि स्वर ठरतो तो या येरझारांनींच. तरंगाचा वेग वाढला तर येरझारा वाढतील व सूर चढेल. वेग वाढविण्याचे मार्ग दोन. तार अधिक ताणणें, किंवा अधिक हलकी तार घेणें. लांबी, ताण आणि जाडी यांचे हे नियम फ्रान्समधील मेर्सेन नांवाच्या धर्मगुरूनें १६३६ सालीं प्रसिद्ध केले. खुंटी पिळणाराला ते ठाऊक असोत वा नसोत, त्याचा हात ते पाळतोच. खर्जाचा सूर षड्जाच्या निम्म्या कंपनसंख्येचा. तो केवळ ताण सैल करून मिळवावयाचा तर ताण निम्मा करून चालत नाहीं, चौथाईवर आणावा लागतो. मग तार लोंबूं लागते आणि नाद मरतो. म्हणून खर्जाची तार निराळी, पितळेची व जाड घेतात.

दोन्ही टोंकांना बांधलेल्या तारेंत जाणारे आणि परतणारे तरंग एकमेकांवर पडून एक विशेष गोष्ट घडते. सगळी तार एकच एक मोठा फुगवटा होऊन वरखालीं होते. पण त्याच वेळीं ती दोन अर्धांत विभागून दुप्पट वेगानें, तीन भागांत विभागून तिप्पट वेगानें, चार, पांच, सहा भागांत विभागून त्या त्या पटीनेंहि हलत असते. ज्या ठिकाणीं दोन भाग एकमेकांना भेटतात तेथें तार त्या आंदोलनापुरती स्थिर असते. अशा ठिकाणांना निस्पंद म्हणतात. एकच तार एकाच वेळीं इतक्या तऱ्हांनीं हलते हें प्रथम खरें वाटत नाहीं. अठराव्या शतकांत युरोपांतील मोठमोठ्या गणितज्ञांतहि यावरून दीर्घ वाद झाला होता. परंतु त्याचा पडताळा तंबोऱ्यावर सहज घेतां येतो. तार छेडून लगेच बरोबर मध्यावर बोटाचा हलका स्पर्श करावा. मूळ सूर विझतो आणि वरचा षड्ज उरतो. तिसऱ्या हिश्शावर स्पर्श करावा, पंचम उरतो. बोटानें हे सूर निर्माण केलेले नसतात. ते आधींपासून तेथें होते. बोटानें बाकीचे तेवढे दाबले.

खर्जाची कंपनसंख्या ६९॥ धरली तर तिचे उपस्वर क्रमानें १३९, २०८॥, २७८, ३४७॥ असे येतात. गाण्याच्या भाषेंत सांगावयाचें तर मध्य षड्ज, त्याचा पंचम, तार षड्ज, आणि पांचव्या ठिकाणीं तार गांधार. तंबोऱ्याला गांधाराची तार नसते, तरीहि चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यांतून गांधार स्पष्ट ऐकूं येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात, आणि हें नांव शास्त्रदृष्ट्याहि अगदीं यथार्थ आहे. पंचमाच्या तारेंतून असेच ऋषभ आणि निषाद निघतात, कारण तिचा तिसरा उपस्वर तार ऋषभावर व पांचवा तार निषादावर पडतो. चार तारांतून निम्मेअधिक सप्तक आपोआप उभें राहतें.

येथें हार्मोनियमचें एक जुनें भांडण आठवतें. स्वयंभू गांधार षड्जाच्या सव्वापट असतो. हार्मोनियमचे सूर मात्र सप्तकाचे बारा समान भाग पाडून लावलेले असतात, आणि त्या मापानें गांधार सव्वापटीहून थोडा चढा येतो. तंबोऱ्याचा तार गांधार ३४७॥, तर हार्मोनियमचा सुमारें ३५०. दोन सूर एकत्र वाजले कीं त्यांच्या कंपनसंख्यांत जितका फरक तितक्या वेळां दर सेकंदास आवाज फुगतो आणि ओसरतो. या फुगण्याओसरण्याला विस्पंद म्हणतात, आणि या ठिकाणीं ते सेकंदाला जवळजवळ तीन पडतात. हा डोल ज्याच्या कानाला एकदां जाणवला त्याला तो पुढें सोडीत नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचें साहाय्य घेऊन स्वरांचीं अशीं प्रमाणें तपासलीं, आणि १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलें. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागें अन्य कारणांबरोबर हेंहि एक कारण होतें. १९७१ सालीं ती बंदी सैल करण्यांत आली. ज्या महाराष्ट्रानें नाट्यगीतांतून हार्मोनियमवर इतकें प्रेम केलें त्याला ती बंदी जाचली असल्यास नवल नाहीं. तरीहि फरक खरा आहे, आणि तो आवडीनिवडीचा नसून मोजण्याचा आहे.

परंतु येथपर्यंत जें सांगितलें तें कोणत्याहि ताणलेल्या तारेला लागू आहे. सतारीला आहे, व्हायोलिनला आहे. मग तंबोराच तेवढा असा भरून कां येतो? एखादी साधी तार बोटानें छेडली तर तिचे वरचे उपस्वर पहिल्या क्षणींच विझूं लागतात आणि मागें मूळ सुराचा एक मंद गुंजारव उरतो. तंबोऱ्यांत उलट घडतें. छेडल्यानंतर झंकार उमलत जातो.

१८०० सालीं इंग्लंडच्या टॉमस यंगनें एक नियम सांगितला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथें ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो, ते उपस्वर त्या तारेंतून निघूं शकत नाहींत. हें सरळ आहे, कारण जेथें तार त्या आंदोलनापुरती स्थिर राहावयास हवी नेमकें तेथेंच तिला ओढून सोडलें, तर तें आंदोलन सुरू होणार कसें? बरोबर मध्यावर छेडलेल्या तारेंत दुसरा, चौथा, सहावा असे समसंख्येचे उपस्वर असूं नयेत. पुढें जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनें हाच नियम आपल्या ध्वनिशास्त्रांत पक्का केला, आणि युरोपांतील वाद्यांवर तो खराहि उतरला.

रामन् १९०७ सालीं हिशेब खात्यांत अधिकारी म्हणून कलकत्त्यास गेले. दिवसा कचेरी, आणि सकाळसंध्याकाळ इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या प्रयोगशाळेंत काम, असा त्यांचा कित्येक वर्षे क्रम होता. १९१७ सालीं सरकारी नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठांत प्राध्यापक झाले. प्रकाशाच्या विकिरणावरील ज्या शोधासाठीं त्यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तो शोध सर्वांना माहीत आहे. पण त्याआधीं वर्षानुवर्षे ते व्हायोलिन, वीणा, तंबोरा आणि मृदंग यांच्या मागें लागले होते, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाहीं. १९२१ सालीं त्यांनीं भारतीय तंतुवाद्यांवर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, तंबोऱ्याची आणि वीणेची तार यंगचा नियम पाळीत नाहीं. जे उपस्वर मुळींच ऐकूं येऊं नयेत ते या वाद्यांतून ठणठणीत ऐकूं येतात. आणि याचें कारण तारेंत नसून घोडींत आहे.

व्हायोलिनची तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते. तेथें तिचें टोंक एका बिंदूशीं पक्कें बांधल्यासारखें असतें, आणि प्रत्येक उपस्वर दुसऱ्याची दखल न घेतां आपापला हलतो व विझतो. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद, पाटासारखी, आणि वरून अगदीं किंचित् उतरती असते. तार खालीं येतांना तिच्या उतरत्या पाठीवर टेकत जाते, वर जातांना सुटत जाते. म्हणजे तारेची मोकळी लांबी प्रत्येक आंदोलनांत केसभर कमी होते व वाढते. आणि टेकण्यासुटण्याच्या त्या क्षणीं तारेला एक सूक्ष्म टिचकी बसते. टिचकीसारख्या आंखूड आघातांत लहानमोठे सर्व उपस्वर असतात. शिवाय ती टिचकी तारेच्या स्वतःच्या येरझारेबरोबर, दर सेकंदाला १३९ वेळां, अगदीं वेळेवर पडते; झोपाळ्याला दिलेल्या वेळच्या वेळीं धक्क्यासारखीच. म्हणून तिच्यांतून निघणारा झंकार कर्कश न होतां स्वरांत राहतो. बोटानें दिलेली शक्ति मूळ सुरांतून घेऊन ती उंच उपस्वरांना पुनःपुन्हा वांटून देण्याचें काम घोडी करीत असते. नवी शक्ति ती निर्माण करीत नाहीं. जी आहे तिचीच ती वांटणी बदलते. जसजसें आंदोलन लहान होत जातें तसतशी तार घोडीला निराळ्या रीतीनें चाटून जाते आणि ठळक ऐकूं येणारे उपस्वर बदलत जातात. चार तारा एकामागून एक छेडल्या असतां जो अखंड, हलता, पण स्थिर असा पडदा तयार होतो तो यामुळें.

आणि जवारीचा दोरा? घोडी व तार यांच्या मध्यें सरकविलेला हा सुताचा किंवा रेशमाचा धागा पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतो. पण तो नसेल तर तार घोडीच्या पाठीवर बसून राहते आणि आवाज दबतो किंवा नुसता फरफरतो. दोरा तारेला केसाच्या जाडीइतकी उचलून धरतो, आणि मग तार घोडीवर नेमकी चाटून जाऊं शकते. दोरा थोडा पुढें किंवा मागें सरकविला कीं चाटण्याची जागा बदलते. एका विशिष्ट ठिकाणीं तंबोरा जणूं तोंड उघडतो. त्या जागेची रुंदी एखाद्या ज्वारीच्या दाण्याहूनहि कमी असते. ती गणितानें काढतां येत नाहीं असें नाहीं. परंतु कानानें ती फार लवकर सांपडते.

घोडी बनविणें आणि तिची पाठ घासून जवारी काढणें ही यामुळेंच एक स्वतंत्र कला झाली आहे. महाराष्ट्रांत तिचें माहेर मिरज. तेथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना पाणी व धार देणारे. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांचे दिवस संपले तेव्हां फरीदसाहेब आणि त्यांच्या कुळांतील कारागीर वाद्यांकडे वळले. तलवारीची धार बोटानें पारखणारा हात घोडीची पाठ पारखूं लागला. भोपळे पंढरपुराकडच्या भागांतून येत. पूर्वीं घोडी सांबराच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची करीत. आतां हाड, लाकूड किंवा कृत्रिम द्रव्य वापरावें लागतें. घोडी रोजच्या वापरानें झिजते, तारांच्या खाचा पडतात, आणि कांहीं महिन्यांनीं ती पुन्हा घासावी लागते. हें काम कानसीनें होतें, पण कानसीला वाट दाखवितो कान. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मानांकनानें नांवाचें रक्षण होईल. जवारी काढणारे हात टिकतील कीं नाहीं, हें तंबोरे घेणारीं घरें किती उरतात यावर आहे.

तारेचा आवाज खोलीभर पोंचवितो तो भोपळा. तार इतकी बारीक असते कीं, ती स्वतः फारशी हवा हलवूं शकत नाहीं. तिचीं आंदोलनें घोडीवाटे तबलीला मिळतात, तबलीचें रुंद पृष्ठ हवेला ढकलतें, आणि भोपळ्यांतील हवा तिला साथ देते. अर्थात् आवाज जितका मोठा तितकी तारेची शक्ति लवकर खर्च होते. मोठा आवाज आणि लांब टिकणारा आवाज, दोन्ही पाहिजेत म्हणणाऱ्याला कारागीर कांहींतरी मधली वाट काढून देतो.

अनुनादाचा एक प्रयोग घरच्या घरीं करतां येईल. जोडीच्या दोन तारांपैकीं एकीच्या मध्यावर कागदाचा चिमुकला तुकडा घडी घालून स्वार करावा, आणि दुसरी तार छेडावी. दोन्ही तारा तंतोतंत जुळलेल्या असतील तर कागद थरथरून उडतो. किंचित् फरक असेल तर तो जागचा हलत नाहीं. फरक किती आहे हेंहि कान सांगतो. दोन तारा एकदम छेडल्या असतां आवाज दोन सेकंदांतून एकदां डोलत असेल तर कंपनसंख्यांत अर्ध्याचा फरक आहे. मणी सरकवून डोल अधिकाधिक लांबवीत न्यावयाचा. तो नाहींसा झाला कीं तारा मिळाल्या.

हीच दृष्टि रामन् यांनीं चर्मवाद्यांकडे वळविली. ताणलेल्या चामड्याचे उपस्वर तारेसारखे दुप्पट, तिप्पट असे येत नाहींत. सर्वत्र सारख्या जाडीचें पडदें घेतलें तर ते मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवांकडे येतात; म्हणूनच साध्या ढोलाचा आवाज हा आवाज असतो, सूर नसतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या मधोमध मात्र शाई असते. लोखंडाचा कीस व खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडानें घोटून ती चढविलेली असते. मध्यें जड आणि कडेला हलकें अशा या चामड्याचीं पहिलीं नऊ आंदोलनें पांच गटांत जुळून येतात, आणि ते पांच गट तारेच्या पहिल्या पांच उपस्वरांप्रमाणेंच एकपट ते पांचपट असे लागतात. रामन् यांनीं १९२० सालीं एका सहकाऱ्यासह ही गोष्ट प्रथम प्रसिद्ध केली, आणि १९३४ सालीं पुडीवर बारीक वाळू पसरून प्रत्येक आंदोलनाची आकृति दाखविली. वाळू जेथें आंदोलन नसतें तेथें गोळा होते, आणि निस्पंदांच्या रेषा डोळ्यांना दिसतात. शाई घोटणाऱ्या कारागिरांनीं हें गणित कधीं मांडलें नव्हतें. पिढ्यान्‌पिढ्या कानानें तपासून ते त्या उत्तराशीं येऊन थांबले होते.

राहिला प्रश्न फोनमधल्या तंबोऱ्याचा. फोनच्या कर्ण्याचा पडदा नखाएवढा. ६९॥ च्या खर्जाला जितकी हवा हलवावी लागते तितकी तो हलवूं शकत नाहीं. तरीहि ऐकणाऱ्याला खर्ज ऐकल्याचा भास होतो, कारण दुसरा, तिसरा, चौथा, पांचवा असे उपस्वर कानावर पडले कीं मेंदू त्यांवरून हरवलेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. ही कानाची करामत अद्भुत आहे, आणि रियाजाला ती पुष्कळशी पुरते. मोठ्या कर्ण्यावर उत्तम तंबोऱ्याचें ध्वनिमुद्रण लावलें तर उणीव आणखी कमी होते. जें त्यांतून मिळूं शकत नाहीं तें एकच. खऱ्या तंबोऱ्याच्या तारा मोकळ्या असतात आणि त्या ऐकतहि असतात. तंबोरा न छेडतां मांडीजवळ उभा धरावा, तारांना हात लागूं देऊं नये, आणि खणखणीत आवाजांत षड्ज लावून एकदम थांबावें. गळा थांबल्यावर तारांतून तोच षड्ज क्षणभर गुणगुणत राहतो. आतां गांधार लावावा. तो नेमका लागला तर खर्जाची तार आपल्या पांचव्या उपस्वरानें त्याला उत्तर देते. किंचित् चढा किंवा उतरा लागला तर ती गप्प बसते.